पाहुणी गोळी

"ही घाल," म्हणत आबांनी त्यांची जुनी खाकी पँट माझ्या मांडीवर टाकली. "पंजाबी ड्रेसात पालथं पडता येत नाही. ओढणी बोल्टात अडकते."

"आबा, ही मला कमरेत दुप्पट होईल."

"पट्टा आहे. भोकं पाडून ठेवलीत."

पट्टा खरंच खुंटीवर तयार होता. दाभणानं पाडलेली दोन नवी भोकं, कडा अजून खरबरीत. म्हणजे मी जाणार हे आधीच ठरलं होतं. मला ते चहा पिताना कळत होतं.

आई आतून म्हणाली, "आता तिलाही मातीत लोळवणार का? इतकी वर्षं एकटे लोळत होतात ते कमी पडलं?"

"लोळत नाही. नेम धरतो."

"तेच ते. धुवायचं मलाच असतं."

संक्रांत होऊन गेल्यावरचा तो रविवार होता. क्लबचा वार्षिक सामना त्याच रविवारी असे. आबांनी चष्मा सदऱ्याच्या टोकानं पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. चष्म्यात दोष नव्हता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता आणि ते ऑपरेशन सामन्यानंतर, सामन्यानंतर असं दिवाळीपासून ढकलत होते. बँडेज बांधून नेम कसा धरणार, हा त्यांचा प्रश्न. न दिसता कसा धरणार, हा आईचा.

"माशी दिसली की पुरे," ते म्हणत. नळीच्या टोकाला जो बारीक खुंटीसारखा उंचवटा असतो, ती माशी. "लांबचं धूसर दिसलं तर बिघडत नाही. जवळचं स्वच्छ दिसायला हवं."

मी पँट घातली, पट्टा आवळला आणि आरशात पाहिलं. गावातल्या शाळेत आबा एनसीसी शिकवत तेव्हाचा एखादा उपाशी कॅडेट दिसत होता. आबा दारातून म्हणाले, "छान." आणि स्कूटर बाहेर काढायला गेले.

*

तेव्हा मला पुण्याहून येऊन तीन महिने होत आले होते. घरी सांगताना मी रजा म्हटलं होतं. रजेवर आलेली बाई पुस्तकांची खोकी घेऊन येत नाही, हे आबांना कळत असणार. ती खोकी त्यांनी स्वतः रिक्षातून उतरवून माडीवर नेली, माझ्या जुन्या खोलीत भिंतीला लावून ठेवली आणि खाली येऊन म्हणाले, "वाळवी लागू नये म्हणून खाली विटा घातल्यात." एवढंच. मिलिंदचं काय, त्यांनी विचारलं नाही. किती दिवस आहेस, हेही विचारलं नाही. आईनं दोन्ही विचारलं आणि मी दोन्ही वेळा भांडी घासायला उठले.

मी शिकवत होते त्या पुण्याच्या कॉलेजला महिनाअखेर कळवायचं होतं: येते की नाही. मी घराबाहेर पडत नव्हते. गल्लीत कुणी ना कुणी विचारायचंच, "काय वैजू, जावई नाही आले?" त्यापेक्षा माडी बरी होती.

आमच्या गावचा रायफल क्लब म्हणजे जरंडेश्वराच्या डोंगराच्या बाजूला, बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत घातलेली एक पत्र्याची शेड. पुढे सपाट पट्टी, टोकाला खाणीचा उभा कडा, त्याच्या पायथ्याशी सहा लाकडी चौकटी. चौकटींवर टार्गेटचे कागद, खाली पांढऱ्या रंगात आकडे. कडा एवढा उंच की चुकलेली गोळी कुठे जाण्याचा प्रश्नच नाही. कपाटात नव्या बंदुकाही होत्या, पण वार्षिक सामना जुन्यांचाच. एकेकाळी पलटणीत वापरलेल्या, नंतर सरावासाठी आत बारीक नळी बसवून पॉइंट टू टू केलेल्या त्या लांबलचक, जड बंदुका. दस्त्यावर पितळेची गोल चकती, तिच्यावर कुठल्याशा पलटणीचं झिजलेलं नाव. जिल्ह्यातल्या दुसऱ्या क्लबांनी आपल्या कधीच मोडीत काढल्या. आमच्याकडे चार उरल्या होत्या. त्यातली सात नंबरची आबांची.

आबांची म्हणजे मालकीची नव्हे. प्रत्येक जुन्या बंदुकीला एक किल्लीवाला असे. तिच्या कप्प्याची किल्ली त्याच्याकडे. त्यानं दर रविवारी यायचं, नळीतून चिंधी ओढायची, लाकडाला जवसाचं तेल द्यायचं, दहा बार काढून पुन्हा पुसून ठेवायची. पाऊस असो, घरात लग्न असो. त्या बदल्यात सामन्यात ती बंदूक पहिल्यांदा त्याची. आणि वार्षिक सामन्यात शंभरातले ऐंशी गुण पाडले नाहीत तर किल्ली सोडायची. त्याच सामन्यात ज्यानं ऐंशी पाडले आणि ज्याच्याकडे किल्ली नाही, त्याला ती जायची. असा कुणी नसला तर बंदूक जिल्ह्याला जमा. हा नियम कुणा निष्ठुर माणसानं केला नव्हता. आबांनीच केला होता, ते चिटणीस असताना. त्यामुळे तो वाकवायला सांगायची सोयही नव्हती.

आदल्या वर्षी आबांना एक्याऐंशी पडले होते.

*

"आला बघा द्रोणाचार्य," शेडमधून फडतरे काका ओरडले. "आणि बरोबर ह्यो कोण जवान?"

"वैजू आहे, काका."

"व्हय? मला वाटलं जयसिंगनं पगारी माणूस आणला बंदूक उचलायला."

फडतरे काका म्हणजे निवृत्त सुभेदार. आबांचे शाळेपासूनचे मित्र आणि तेव्हापासूनचे वैरी. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांना पालथं पडता येत नव्हतं, म्हणून ते लोखंडी खुर्चीवर बसून तिकाटण्यावरच्या दुर्बिणीतून सगळ्यांचे बार बघत आणि टोमणे मारत. आबा त्यांना सुभेदार म्हणत. रागात असले तर शंकर.

"सुभेदार, वैजूचं नाव घाला. चार नंबर. मी पाच."

"पोरगी मारणार? शेवटची बंदूक कधी धरलीस गं?"

"कॉलेजात असताना."

"मंजी बंदूक धरली तवा पोर हुतीस, आता..." काका थांबले, माझ्याकडे बघितलं आणि वाक्य वळवलं. "आता बा तुझा म्हातारा झालाय. आज ह्याची किल्ली जाणार बघ. मी पेढे आधीच सांगून ठेवलेत."

"पेढे तू खाणार, शंकर. पैसे दुसऱ्या कुणाचे तरी."

पेढ्यांची भानगड अशी होती. ओळीनं पडून नेम धरताना कधीकधी नजर घसरते आणि माणूस शेजाऱ्याच्या टार्गेटवर गोळी घालतो. नेम अचूक, पत्ता चुकीचा. आमच्या क्लबात अशा गोळीला पाहुणी म्हणत. पाहुणी कुणाची हे शोधत बसायचं नाही. ज्याची असेल त्यानं कागद काढून आणायच्या आत उठून उभं राहायचं आणि सांगायचं, माझी. त्याचा तो बार शून्य, शिवाय सगळ्यांना कंदी पेढे. ज्याच्या घरी पाहुणी आली त्याच्या कागदावर अकरा भोकं. त्यातलं पाहुणीचं कुठलं हे भोक सांगत नाही, म्हणून त्यानं चांगली दहा धरायची आणि सगळ्यात वाईट सोडून द्यायचं. पुढे दुर्बीण आली, काकांना सगळं दिसू लागलं, तरी रीत तीच राहिली. पाहुणीचा फायदा यजमानाला.

आबांची एकही पाहुणी आजवर कुणाच्या घरी गेली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता आणि काकांना राग.

सात नंबरवर आधी आबांनी दहा बार काढायचे आणि मग मी, असं होईल असं मला वाटलं होतं. पण आबांनी कपाट उघडून सात नंबर माझ्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या कप्प्यातली, गुडघे चांगले होते तोवर काकांची असलेली तीन नंबर घेतली.

"तुमचीच घ्या ना. आज तुम्हाला ऐंशी पाहिजेत," मी म्हणाले.

"तीन नंबर वाईट नाही. फक्त जुना मालक वाईट होता."

"ऐकतोय मी," काका म्हणाले.

आबांनी कापसाचे दोन बोळे केले आणि मी लहान असताना करत तसेच माझ्या कानात बसवले. मग माझ्या शेजारच्या ताडपत्रीवर हळूहळू, एकेक गुडघा टेकत, पालथे झाले. पाच नंबरच्या चौकटीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मलाही तिकडे पाहिल्याशिवाय राहवेना. काळा गोल इथून मुगाएवढा दिसत होता. त्यांना तो कसा दिसत असेल?

"वैजू. आठवतं ना? बार गेला की आधी बोलायचं, मग बघायचं."

ही त्यांची जुनी शिकवण. गोळी सुटते त्या क्षणी माशी कुठे होती ते नेम धरणाऱ्याला कळलेलं असतं. म्हणून दुर्बिणीत डोकवायच्या आत तोंडानं सांगायचं, घड्याळाच्या काट्यासारखं: नऊ, तीन वाजता. आठ, बारा वाजता. ज्याचं बोलणं आणि भोक जुळतं तो नेमबाज. नुसता नेम लागतो तो नशीबवान. मी शाळेत असताना बऱ्यापैकी नेम मारायचे, पण बोलायचे कधी नाही. आधी बघायचे. चुकीचं बोललं तर? आबा म्हणायचे, "हिचं सगळं पोटात." तक्रारीच्या सुरात नाही, पाऊस जून महिन्यात येतो म्हणावं, तसं.

*

शिट्टी झाली. पहिल्या बारालाच सात नंबरनं माझ्या खांद्याला ओळख दिली. जवसाच्या तेलाचा वास, गालाला थंड लाकूड. वीस वर्षं मधून गळून पडावीत तसं झालं आणि मी विसरूनच गेले की मला कुणी जावयाबद्दल विचारणार आहे.

शेजारी आबांचा आवाज येत होता. कापसातूनही येत होता. "आठ. नऊ वाजता." बार. मागून काका, "आठ. नऊ वाजता. म्हातारा खरं बोलतोय." बोल्टचा खटका. "सात. खाली." पुन्हा काका, "सात. खालीच." डोळ्याला गोल दिसत नव्हता, पण बोलणं एकदाही चुकत नव्हतं.

"वैजू, कुठे?"

"आठ," काका माझ्या वतीनं सांगत. "ही तुझ्यासारखी बडबडी नाय."

मध्ये कुठेतरी आबांचा श्वास मला जड वाटला. त्यांचं डावं मनगट बंदुकीच्या वजनाखाली बारीक थरथरत होतं. माझी माशी गोलावर होती, बोट चापावर होतं, आणि डोळा होता आबांच्या मनगटावर. बार सुटला. तो कुठे गेला हे मला त्याच क्षणी कळलं.

"कुठे?" आबांनी विचारलं.

"बघते."

"बघू नको. बोल."

"माहीत नाही, आबा."

"माहीत असतं."

मी बोलले नाही. काका मागून हळूच म्हणाले, "पाच. सात वाजता."

माझे बार आधी संपले. मी गाल लाकडावर तसाच टेकवून पडून राहिले. मला माझ्या गुणांशी काही देणंघेणं नव्हतं. मनात आबांची बेरीज चालली होती. आठ, सात, आठ... त्यांचा एक बार बाकी असावा आणि जमेल, जमायला हवं, असं मी त्या लाकडाला सांगत होते. आबा बराच वेळ थांबले. काकांशी काही पुटपुटले असावेत. कापसातून फक्त गुणगुण आली. मग बोल्टचा खटका झाला, पुन्हा शांतता आणि शेवटचा बार.

शिट्टी झाली. बंदुका उघडून खाली ठेवल्या. आमचे चिटणीस ओसवाल, व्यवसायानं दाताचे डॉक्टर, कागद आणायला निघाले.

"थांबा ओसवाल," आबा म्हणाले. ते उठत होते. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग हात झटकले. "चार नंबरवर पाहुणी गेलीय. माझी."

शेडभर हसू फुटलं. इतक्या वर्षांनी जयसिंगराव बर्गेंची पाहुणी! कुणी टाळी दिली, कुणी म्हणालं, पोरीच्याच घरी गेली म्हणायची. आबाही हसत होते, कान लाल झाले होते. मी काकांकडे पाहिलं, कारण सगळ्यात मोठा टोमणा तिथून यायचा होता. काका दुर्बिणीच्या काचेवर झाकण बसवत होते. ते नीट बसत नव्हतं. कितीतरी वेळ ते तेच करत राहिले.

ओसवालांनी कागद वाचले. पाच नंबरवर नऊ भोकं, त्र्याहत्तर. चार नंबरवर अकरा. वाईट पाच सोडला, पाहुणी दहाची निघाली. ब्याऐंशी.

"म्हणजे..." ओसवाल चष्म्यावरून आबांकडे बघत अवघडून म्हणाले, "सर, सात नंबरची किल्ली..."

"नियम आहे," आबा म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून सुतळीत ओवलेली किल्ली काढली.

"आबा, मला नको."

"नको काय? ही काय चकली आहे? नियम आहे. दर रविवारी यायचं. पाऊस असो, लग्न असो."

"तुमचे ऐंशी झालेच असते. चुकून..."

"झाले असते," ते म्हणाले. "नाही झाले." आणि माझी मूठ उघडून त्यांनी किल्ली आत ठेवली.

*

परतताना स्कूटर मी चालवली. आबा मागे पेढ्यांचा उरलेला पुडा घेऊन बसले होते.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," मी म्हणाले.

"जाऊ."

"एवढे मोठे आकडे लिहिलेत, आबा. चार आणि पाच."

"हो ना. केवढे मोठे."

ते मजेत होते. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरला त्यांनी हात केला. गल्लीत शिरताना कुठल्याशा काकूंनी हटकलं, "वैजू, ही कसली पँट?" तर आबा मागून म्हणाले, "किल्लीवाली आहे ती आता. पेढा घ्या." मला वाटलं, हे सगळं माझ्यासाठी चाललंय, लागलेलं दाखवायचं नाही म्हणून. माझा जीव तुटत होता आणि मी गिअर बदलत होते.

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी मला ओसरीवर बसवलं आणि जवसाचं तेल लाकडाला कसं द्यायचं ते पाटाच्या फळीवर करून दाखवलं. तळहातानं, कापडानं नाही. हात गरम होईपर्यंत. मध्येच थांबले.

"वैजू, तू..."

मी मान वर केली.

"तेल कमी घे," ते म्हणाले. "जास्त दिलं की चिकट होतं."

आईनं त्या मातकट पँटा बादलीत भिजत घातल्या आणि दोघांनाही ऐकू जाईल असं काहीतरी पुटपुटली. संध्याकाळी आबांनी दोन पेढे खाल्ले, एक जास्त. साखर वाढेल म्हणून मी पुडा काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात बंबात लाकडं सारताना आबा खाली बसले. आईला वाटलं धुरानं डोळे चोळतायत. ती मला हाक मारेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. पँटा अजून बादलीतच होत्या.

*

मी परत गेले नाही. कॉलेजला कळवलं. पुढे इथल्याच ज्युनियर कॉलेजात लागले. लोक म्हणाले, आईसाठी राहिली. मी कुणाचं बोलणं दुरुस्त केलं नाही.

पहिल्या रविवारी, तेरावं व्हायचं होतं तरी, मी किल्ली घेऊन खाणीत गेले. नियम होता. काकांनी खुर्ची पुढे सरकवली. त्यानंतरचे रविवार मी चुकवले नाहीत. बंदुका तीनच उरल्या, सात नंबर त्यातली एक. दरवर्षी संक्रांतीनंतर मी ऐंशीच्या वर पाडत आले. कधी कसेबसे, कधी सहज. तळहात गरम होईपर्यंत लाकडाला तेल देताना मात्र दर वेळी तेच मनात यायचं. माणसाचं आयुष्यभराचं बोलणं आणि भोक जुळलेलं, आणि शेवटचा बार तेवढा चुकावा. तोही सगळ्यांदेखत. आणि किल्ली माझ्या हातात यावी. रात्री झोपताना त्यांना ते टोचलं असेल का, सकाळी बंबाजवळ बसताना तेच डोक्यात असेल का. ते मी कुणाला विचारणार होते?

यंदाच्या सामन्यात एका नव्या सभासदाची पाहुणी गेली. तरुण वकील होते, खजील होऊन उठले, म्हणाले, माझी. पेढे आले, हसून झालं, लोक पांगले. मी सात नंबर पुसत बसले. फडतरे काका खुर्चीवरच होते. आता त्यांना दुर्बिणीतूनही कमीच दिसतं, पण खुर्ची सोडत नाहीत. त्यांचा नातू न्यायला यायचा होता.

"वकिलाचं तोंड बघितलंस?" काका हसत म्हणाले. "जसं काय फाशीची शिक्षा झाली."

"आबांचं नव्हतं तसं झालं," मी म्हणाले. "पण आतून लागलं असणार. मला अजून वाईट वाटतं, काका. त्यांची शेवटची गोळी चुकावी."

काका माझ्याकडे बघत राहिले.

"चुकली? कोण म्हणलं चुकली?"

"सगळ्यांनी पाहिलं की. माझ्या कागदावर..."

"सगळ्यांनी बघितलं. ऐकलं कुणी?" त्यांनी काठी दोन पायांत रोवली. "तुझ्या कानात बोळे हुते. बाकीचे आपापल्या नादात. ऐकलं फक्त म्या."

मी चिंधी खाली ठेवली.

"तुझे बार झालते. तू तशीच तोंड खुपसून पडलीस. जयसिंगनं बारीक आवाजात विचारलं, सुभेदार, पोरीचं काय? म्या म्हणलं, सत्त्याहत्तर. एक पाच गेलाय. म्हणला, माझं? म्हणलं, त्र्याहत्तर, आणि एक हातात हाय. सात पाडलास तरी बास, डोळे मिटून पाडशील. तर गप. लई वेळ गप. मला वाटलं झोपला का काय. मग बोल्ट वढला. आणि बोलला."

"काय बोलले?"

"'चार नंबर. दहा.'" काकांनी ते आबांच्याच सुरात म्हटलं, सपाट, शाळेत हजेरी घ्यावी तसं. "आधी बोलला. मग बार. म्या दुर्बिणीला डोळा लावला, तर चार नंबर, दहा. दिवसभरातला त्याचा सगळ्यात चांगला बार. बोलून मारलेली गोळी चुकलेली नसती, पोरी."

खाणीत कुठेतरी होले घुमत होते. मला एवढंच ऐकू येत होतं.

"इतकी वर्षं सांगितलं नाहीत."

"त्या दिवशी सांगितलं असतं तर तू किल्ली ठेवली असतीस?"

मी खाली ठेवलेली चिंधी पुन्हा उचलली.

"न्हाय ना? फेकली असतीस तोंडावर आणि बसली असतीस माडीवर पुस्तकं वाचत. नियमाच्या भाईर हुतं ते. जयसिंगनं आयुष्यात येकदाच केलं. म्या म्हणलं, असू दे." काकांनी नाक पुसलं. "दुसऱ्या दिवशी त्याला शिव्या घालायला येणार हुतो घरी. आलो तर..."

मला ताडपत्रीवरचे आबा दिसत होते: लाल झालेले कान, झटकलेले हात. पट्ट्याला आदल्या रात्री पाडलेली भोकं. माझ्या हाती दिलेली सात नंबर. आणि ओसरीवरचं ते वाक्य, जे त्यांनी तेलावर नेऊन संपवलं. विचारलं असतं तर मी भांडी घासायला उठले असते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलंच नाही. उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखं पाठवून दिलं.

"काका, अजून चौकटी उतरवल्या नाहीत ना?"

"न्हाय. का?"

"एक बार काढते."

"पुसली न्हवं आत्ता?"

"पुन्हा पुसेन."

चौकटींपाशी आणि पट्टीवर कुणी नाही हे पाहून काकांनी, ओसवालांची परवानगी असल्यासारखी, गळ्यातली जुनी शिट्टी वाजवली. मी चार नंबरच्या ताडपत्रीवर पालथी झाले. शेजारची पाचची जागा मोकळी होती. कापूस घातला नाही. गालाला लाकूड लागलं. बंदूक जरा उजवीकडे वळवली, माशी पाच नंबरच्या गोलाखाली आणून ठेवली आणि ती अगदी स्वच्छ दिसेपर्यंत थांबले. मग चाप दाबला.

कड्यावरून आवाज परत आला आणि विरला.

"कुठं?" मागून काकांनी विचारलं. दुर्बिणीवरचं झाकण त्यांनी काढलं नव्हतं.

मी बघितलं नाही.

"पाच नंबर," मी म्हणाले. मग शेजारच्या मोकळ्या ताडपत्रीकडे तोंड केलं आणि कापसाआडूनही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"मला इथेच राहायचं होतं, आबा."